चकती

दारामागे, माझ्या डोक्यावर दोन विती,
विजेचं मीटर होतं.
काचेआड अ‍ॅल्युमिनियमची चकती,
चकतीच्या काठावर एक लाल ठिपका,
फिरून फिरून पुन्हा आमच्याकडे बघायला येणारा.

मिल बंद पडून तिसरं वर्ष चाललेलं.
परदेशीपुऱ्यातल्या अर्ध्या गल्लीनं सायकली विकल्या,
उरलेल्या अर्ध्या गल्लीनं त्या घेऊन
त्यांच्यावरून शेव विकायला काढली.
बाबा पलंगावर बसून ठिपका मोजत.

मग कुणीतरी युक्ती शिकवली:
काचेच्या फटीतून फोटोची फिल्म सरकवायची.
चकती अडते. दिवा जळतो, आकडा झोपतो.
घरात फिल्म एकच होती.
लग्नातली.

माझी बोटं बारीक, म्हणून काम माझं.
स्टुलावर चढायचं, जीभ दातांत धरायची,
आणि काळ्या चेहऱ्यांच्या, पांढऱ्या केसांच्या
आई-बाबांना फटीत अलगद ढकलायचं.
वीस तारखेला बाहेर काढून, पुसून,
पंचांगात ठेवायचं.
एकवीसला दुबेजी यायचे.

एकदा अठरालाच आले.
टॉर्च मारला, थांबले.
"धुमाळ साब, ये क्या है?"

बाबा म्हणाले, "बच्ची है.
खेल-खेल में डाल दी होगी."
आई पिठाच्या हातांनी उभी होती.
तिनं मान डोलावली.

सगळे माझ्या बोटांकडे बघत होते.
मीही.

दंड दीडशे रुपये. आईच्या कानातलं गेलं,
त्याचं मला काही वाटलं नाही.
रात्री बाबांनी गराडू आणले,
वर जीरावन, लिंबू पिळलेलं,
कागद माझ्यापुढे सरकवला, बोलले नाहीत.
रुसून बसायला हवं होतं.
मी सगळे खाल्ले. विलासला चारच दिले.
पुढची तीस वर्षं माझा राग
बाबांवर होता की त्या गराडूंवर,
अजून नीट सांगता येत नाही.

शेवटी एम. वाय.च्या वॉर्डात
भर दुपारी जळणाऱ्या ट्यूबलाइटकडे बघून
बाबांनी विचारलं, "हे बिल कोण भरतं?"
"सरकार," मी म्हणाले.
तेव्हा ते हसले, दात नसलेलं, पोटभर.
वाटलं, आता विचारावं.
पण इतकं हसत होते
की मी उशी नीट केली, आणि राहिलंच.

फिल्म मला पंचांगातच सापडली.
चकतीनं तिच्यावर धनुष्यासारखे ओरखडे काढलेले,
एक आईच्या गळ्यावरून, दोन बाबांच्या तोंडावरून.
स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "स्क्रॅच मिटा दूँ, दीदी?"
मी हो म्हटलं.
त्यानं मिटवले.
पडद्यावर दोन गोरीमोरी, नवीकोरी माणसं उरली.
कुणाचंच काही वाईट न केलेली.
माझी त्यांच्याशी ओळखच निघेना.
"राहू दे," मी म्हटलं, "होतं तसं कर."

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला.
"हार भाड्याचा होता," म्हणाली,
"आणि ह्यांचा कोट दिगंबररावांचा."
ओरखड्यांवरून अंगठा फिरवला,
धूळ असावी तसा. पुन्हा एकदा फिरवला.
मग अंगठा तिथंच राहिला.
मी वाट बघितली.

"किती घेतले ह्याचे?"
"साठ."
"अगं बाई," ती म्हणाली,
आणि भिंतीला धरत उठून
स्वयंपाकघरातला दिवा मालवून आली.
मग मोरीतला.
मग आम्ही बसलो होतो तिथला.

जिन्याखाली नवं मीटर आहे, चकती नसलेलं.
त्याचा लाल दिवा उघड्या दारातून दिसत होता,
मिचकावत, फार सावकाश.
मी तो मोजत बसले होते,
हे मला बऱ्याच वेळानं कळलं.